कमरेत वाकणारा ट्रॅक्टर

नवरात्राची पाचवी माळ होती. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावामागच्या टेकडीवर पवन्या गवत कमरेला लागत होतं आणि मारवेलीला तुरे आले होते. गवत कधी कापायचं ते ठरवायला आम्ही तिघे वर चढलो होतो. मामा, त्यांचा जळगावचा भाचा आणि मी. मामांना सगळं गाव मामाच म्हणतं. कुरणाच्या समितीत ते पहिल्या दिवसापासून आहेत. भाचा इंजिनिअर आहे. जळगावच्या एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप आहे आणि कापसाच्या पऱ्हाट्या बारीक करणारे श्रेडर, केळीच्या बागेत फिरणारे रोटाव्हेटर तिथे दुरुस्तीला येतात. समितीच्या खात्यात थोडे पैसे साठले आहेत. त्यांचं काय करायचं यावरून मामा-भाच्याचं दोन दिवस चाललं होतं. भाच्याला त्यातून गवत कापायचं यंत्र घ्यायचं होतं.

टेकडी तशी साधीच आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिच्यावर मुरूम आणि कुसळीशिवाय काही नव्हतं. आमच्याच तालुक्यातल्या लामकानीने डॉ. धनंजय नेवाडकरांच्या पुढाकाराने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, डोंगर गवताने भरला, आणि ते पाहून आल्यावर आमच्याकडेही लोक तयार झाले. चर खोदले, बंदी पाळली, चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात डोंगरी आणि पवन्या ही गवतं परत दिसली. आता गवत आहे, पण ते कापायला माणसं मिळत नाहीत. भाच्याचा मुद्दा तिथूनच सुरू होत होता.

त्याने मोबाइल पुढे धरला. एक बुटका नारंगी ट्रॅक्टर हिरव्या उतारावर आडवा चालला होता. गवत कापायचं यंत्र मागे ओढायच्या ऐवजी पुढे लावलेलं. वळताना त्याची पुढची चाकं वळलीच नाहीत. अख्खा ट्रॅक्टर मधोमध कमरेत वाकला आणि मागची चाकं बरोबर पुढच्या चाकांच्या मागावरून गेली.

"हा बैलगाडीसारखा वळतो का रे?" मामांनी विचारलं.

"गाडीसारखा नाही मामा, मुंगळ्यासारखा म्हणा. याचं पुढचं धड वेगळं, मागचं धड वेगळं. मध्ये सांधा. स्टिअरिंग फिरवलं की हायड्रॉलिकचा दट्ट्या त्या सांध्याला वाकवतो. आणि हा सांधा नुसता डावी-उजवीकडे वाकत नाही, पिळतोसुद्धा. पुढची दोन चाकं खळग्यात कलली तरी मागची दोन आपल्या जागी सपाट राहतात. चारही चाकं सारखी, चारही चाकांना ताकद. चारातलं एकही चाक हवेत जात नाही."

"आणि आपला छोटा ट्रॅक्टर? आता गावात दोन आहेत."

"त्याच्या पुढच्या आसाला मध्ये एकच खिळा असतो. आस त्या खिळ्यावर झोके घेतो. म्हणून दिसायला चार चाकं, पण तोल धरायला तीनच आधार: मागची दोन चाकं आणि पुढचा तो खिळा. सपाट केळीच्या बागेत चालतं. इथे आडवा घातला तर उलटेल. आपल्याकडे बांधावरून ट्रॅक्टर उलटून माणूस खाली सापडल्याची बातमी दर हंगामात येते, तुम्हीही ऐकता."

हे त्याचं बरोबर होतं. मामांनीही मान हलवली. द्राक्षमळ्यांसाठी असे कमरेत वाकणारे ट्रॅक्टर इटलीत पुष्कळ बनतात, पादुआजवळची अँतोनियो कारारो ही त्यातली नावाजलेली कंपनी. आम्ही बघत होतो तो अमेरिकेतला, ओहायो राज्यातल्या व्हेंट्रॅकचा. तो उतारावरचं गवत कापायला वापरतात. त्यांच्या 4500 मालिकेच्या ट्रॅक्टरला प्रत्येक बाजूला जोडचाकं लावली तर 30 अंशांच्या उतारापर्यंत काम करायला कंपनी परवानगी देते, एकेरी चाकांवर 20 अंशांपर्यंत. डोक्यावर लोखंडी कमान आणि कमरेला पट्टा हे दोन्ही सक्तीचे. भाच्याने हे सगळं पाठ केलेलं होतं.

"अंश-बिंश मला सांगू नको," मामा म्हणाले. "इथला उतार किती, ते सांग."

मग आम्ही तो मोजला. चर आखताना वापरलेली ए-फ्रेम कुणाच्या गोठ्यात पडली होती, ती आणली नव्हती. पण भाच्याने मोबाइलमधली पातळी काढली आणि मामांच्या काठीवर बरोबर एक मीटरची खूण केली. काठी आडवी सपाट धरायची, एक टोक उताराला टेकवायचं, दुसऱ्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते मोजायचं. 27 सेंटिमीटर खाली असेल तर 15 अंश. 36 असेल तर 20. 58 असेल तर 30. एका मीटरला एक मीटर म्हणजे 45, तिथे माणूसही हात टेकून चढतो. पायथ्याशी आमची काठी 30-32 सेंटिमीटर दाखवत होती. मधल्या पट्ट्यात 50 च्या आसपास. वरच्या अंगाला, जिथे काळ्या दगडाची लांब भिंत डोंगराच्या पाठीवरून सरळ गेली आहे, तिथे 70 च्या पुढे. धुळे-नंदुरबारकडे अशा सरळ रेषेतल्या दगडी भिंती पुष्कळ आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात: जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेला शिलारस. या भिंती झिजतात आणि त्यांचे गोटे खालच्या गवतात येऊन बसतात.

मामांनी गवतात पाय फिरवला आणि नारळाएवढा एक गोटा बाहेर ढकलला.

"हा तुझ्या पात्याला लागला तर?"

"पातं जाईल. किंवा गोटा उडेल."

"कुणाच्या अंगावर?"

भाचा काही बोलला नाही. फिरत्या पात्याखालून उडालेला दगड गोळीसारखा जातो, हे त्याच्याइतकं आम्हा दोघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. श्रेडर चालू असताना मागे कुणी उभं राहायचं नाही, हा त्याच्या वर्कशॉपचा पहिला नियम आहे.

मामांनी आता चर दाखवले. सलग समतल चर, 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल, खालच्या बाजूला मातीचा भराव. डोंगरभर आडव्या रेषांत. "या डोंगरावर गवत आलं ते या चरांमुळे. पाऊस आपल्याकडे पडतो पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही चार-पाच झडीत. चर नसते तर तो पांझरा नदीला वाहून गेला असता. आता तुझा ट्रॅक्टर दर काही पावलांवर यात उतरणार आणि चढणार. सांधा पिळेल तुझा, मान्य. पण माझा भराव तुटेल, त्याचं काय?"

"चरांच्या मधल्या पट्ट्यात आडवा चालवायचा."

"आणि वळायचं कुठे?"

हा प्रश्न मामांनी सहज विचारला होता, पण यंत्राच्या दृष्टीने तो सर्वांत अवघड आहे. कमरेत वाकणारा ट्रॅक्टर आडव्या उतारावर सरळ चालतो तेव्हा भक्कम असतो. तो चढाच्या दिशेने वळायला लागला की दोन्ही टोकं वर जातात आणि मधला सांधा, म्हणजे वजनाचा मोठा भाग, उताराच्या खालच्या बाजूला झुकतो. खालच्या दोन चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या तो जवळ येतो. त्यात वेग असेल तर तोही खालीच ढकलतो. म्हणून वळण मोठं, सावकाश, आणि शक्यतो सपाटीवर घ्यायचं. आमच्या टेकडीवर अशी सपाटी दोनच ठिकाणी आहे. भाच्याने हे स्वतःच समजावून सांगितलं. त्याचा हा गुण मला आवडतो, स्वतःच्या बाजूला अडचण करणारी गोष्ट तो लपवत नाही.

"आणखी एक बघ." मामा खाली बसले. गवताच्या बुडाशी अंजनाचं वीतभर रोप होतं. अंजन लावून सहज येत नाही, आपसूक आलेला जगवावा लागतो. "बायका विळ्याने कापताना हे बाजूला ठेवतात. डाव्या हाताच्या मुठीत गवत येतं, रोप येत नाही. तुझ्या पात्याला मूठ कुठे आहे?"

इथपर्यंत वाद मामांच्या बाजूने होता. मग भाचा खालच्या दगडावर बसला आणि त्याने बोलायला सुरुवात केली. तो काय म्हणाला ते मी जरा सविस्तर देतो, कारण मामांच्या पिढीतल्या माणसांना ते ऐकणं जड जातं.

"मामा, मागच्या वर्षी अर्धी टेकडी कापायची राहिली. खरं ना? तरणी पोरं सुरतेला. बायका कापूस वेचायला जातात, कारण गवत आणि कापूस दोन्ही दिवाळीच्या आगेमागे येतात आणि कापसाला रोख मजुरी आहे. राहिलेलं गवत माघात वाळलं, फाल्गुनात पेटलं. जाळरेषा काढली होती, तरी आग ओलांडून गेली. तुमचं ते अंजनाचं रोप कशाने मेलं, पात्याने की आगीने? गेल्या फाल्गुनात आपण दोघे ओल्या फांद्या घेऊन रात्री दोनपर्यंत इथे होतो. तुम्ही सत्तरीचे आहात. हातात विळा घेणारी सगळ्यांत लहान बाई पन्नाशीची आहे. दहा वर्षांनी या चराईबंदीचा उपयोग काय, जर चारा इथेच जळणार असेल?"

मामा बराच वेळ समोरच्या रानाकडे बघत राहिले. मलाही उत्तर सुचलं नाही. कापलं नाही तर जळतं, हे गवताळ डोंगराचं खरं आहे. कुरण राखणं म्हणजे नुसतं गुरं आवरणं नव्हे, वेळेत कापणं हाही त्यातला अर्धा भाग आहे. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्याखालचं कुरण सगळ्यांना माहीत आहे. 31 जुलै 1937 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला होते, म्हणून दर 31 जुलैला तिथे माणसांची रीघ लागते आणि तेव्हा तो डोंगर हिरवागार असतो. तोच डोंगर मार्चमध्ये जाऊन बघावा. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

"पण बापू," मामा शेवटी म्हणाले, "तुझं यंत्र कापतं कसं? कडब्यासारखं आडवं पाडतं, की भुगा करतं?"

माझ्या मते सगळ्या चर्चेतला कळीचा प्रश्न हाच होता. पुढे लावायचं कापणीयंत्र तीन तऱ्हांचं मिळतं. एक श्रेडरसारखं, फिरत्या दांड्याला लटकवलेल्या हातोड्या फिरतात आणि गवताचा भुगा होतो. दगडातही ते बऱ्यापैकी टिकतं. दुसरं आडवं फिरणाऱ्या पात्याचं, ते हिरवळीसाठी. तिसरं कात्रीसारखं, दातेरी पट्टी मागेपुढे सरकते आणि काडी बुडाशी स्वच्छ कापून आडवी पडते. चाऱ्याला तिसरंच लागतं. पहिल्या दोन्हींत गवताचे तुकडे मातीत मिसळतात. मग त्याची पेंढी बांधता येत नाही आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. आणि नेमकी ती दातेरी पट्टीच दगडाला सर्वांत नाजूक. म्हणजे आमच्या टेकडीवर जे यंत्र टिकेल ते चारा देणार नाही, आणि जे चारा देईल ते टिकणार नाही.

भाच्याने ते मान्य केलं. तो म्हणाला, "स्वित्झर्लंडमध्येसुद्धा असंच आहे. सौम्य उतारावर रुंद, बुटके ट्रॅक्टर, त्याहून उभ्या जागी माणूस मागून धरून चालवतो ते काटेरी लोखंडी चाकांचं यंत्र, आणि कड्यावर अजून हातातली लांब दांड्याची कोयती. वरचं गवत माणूसच कापतो."

"मग खाली कसं आणतात?" हा प्रश्न मामींचा होता. त्या आमच्यासाठी भाकरी घेऊन वर आल्या होत्या आणि केव्हापासून ऐकत उभ्या होत्या. या डोंगरावर त्यांनी जितकं गवत कापलं आहे, तेवढं आम्हा तिघांपैकी कुणीही कापलेलं नाही.

"तारेवरून. वरून खालपर्यंत लोखंडी तार ताणतात, भारा आकड्याला अडकवतात आणि सोडून देतात."

मामी हसल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "कापनं सोपं शे रे बापू. भारा खाले आननं जड शे."

त्या पुढे बोलत गेल्या. कापायला सकाळचे तीन तास. मग बांधायचं. मग डोक्यावर भारा घेऊन गोट्यांतून, चरांतून, घसरत्या मुरमावरून खाली. एका खेपेला अर्धा-पाऊण तास, आणि दिवसाला तीनच खेपा होतात. गुडघे जातात ते उतरताना. बायका गवताला येत नाहीत त्याचं कारण विळा नाही, ही उतरण आहे. कापसाच्या रानात ओझं बांधापर्यंतच न्यायचं असतं.

दोन दिवस आम्ही पात्यावर, सांध्यावर, अंशांवर बोलत होतो आणि काम कुठे अडतं हे कुणी विचारलंच नव्हतं. मी स्वतःला यातून वगळत नाही.

भाच्याने खिशातून वही काढली. तो यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात फिरलेला माणूस. इक्वेडोर आणि फिलिपिन्सच्या मळ्यांत केळीचे घड तारेला लटकवून पॅकिंगच्या शेडपर्यंत नेतात, ते तंत्र त्याला माहीत होतं. आपल्याच देशात उत्तराखंडच्या डोंगरी गावांत बायका चाऱ्याचे भारे तारेवरून दरीपलीकडे सोडतात. इंजिन नको, डिझेल नको. वर एक भक्कम खांब, खाली एक, मध्ये ताणलेली तार, आकडा आणि खालच्या टोकाला वेग मारायला जुन्या टायरांची रास. उतार आमच्याकडे आहेच. तार किती जाडीची, किती झोल ठेवायचा, खांबाला पाया केवढा, हे गणित त्याच्या हातचं. तार चालू असताना तिच्याखाली माणूस जाता कामा नये, ही अटही त्याने तिथेच घातली.

"मग ट्रॅक्टर गेला?" मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता.

"इथून गेला मामा. पण तो वाईट नाही. त्याची जागा वेगळी आहे."

ती जागा कोणती, यावर माझं मत पक्कं आहे आणि ते मी इथे मांडतो. पांझरेवरचं अक्कलपाडा, जळगावकडचं वाघूर, तापीवरचं हतनूर, यांच्या मातीच्या भिंती डोळ्यांपुढे आणा. मातीच्या धरणाची पाण्याकडची बाजू दगडी पिचिंगची असते, मागची बाजू गवताची. पुष्कळ ठिकाणी तिचा उतार दोनास एक धरतात: दोन मीटर आडवं, एक मीटर उभं. आमच्या काठीच्या भाषेत मीटरला 50 सेंटिमीटर, म्हणजे साडेसव्वीस अंश. भराव एकसारखा दाबलेला, चर नाहीत, गोटे नाहीत, वळायला वर रस्ता आणि खाली पायथा. तिथलं गवत चाऱ्यासाठी जपायचं नसतं, माती धरून ठेवेल इतपत आखूड राखायचं असतं, म्हणजे हातोड्यांचं भुगा करणारं यंत्र चालतं. आणि तिथे वाढलेली बाभूळ-घाणेरी हा खरा धोका आहे. मुळं भरावात वाटा करतात, उंदीर-घुशींची बिळं झुडपांआड लपतात, भिंतीला ओल आली तर दिसत नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, त्यानंतर मातीच्या भिंतीवर नजर ठेवणं किती गरजेचं आहे हे वेगळं सांगायला नको. नजर ठेवायची तर भिंत उघडी दिसली पाहिजे. जोडचाकांचा, कमरेत वाकणारा बुटका ट्रॅक्टर इथला आहे. एकेरी चाकांचा घेतला तर तोही इथे कमी पडेल, कारण साडेसव्वीस हे 20 च्या बरेच पुढे आहे. आणि पावसात किंवा दवात, ओल्या गवतावर, तोही उतरवू नये.

एका गावाने तो घेण्यात अर्थ नाही. सुटा भाग धुळ्याच्या आग्रा रोडवर मिळणार नाही, जळगावच्या अजिंठा चौफुलीवरही नाही, आणि हायड्रॉलिकची एक नळी फुटली की हंगाम गेला. धरणं आणि कालवे सांभाळणाऱ्या खात्याने जिल्ह्याला एक यंत्र घ्यावं, ते चालवायला दोनच शिकलेली माणसं नेमावीत, आणि धरणामागून धरण ते फिरवावं. भाच्याने तसा अर्ज लिहायला घेतला आहे.

आमच्या टेकडीचं ठरलं ते असं. पायथ्याचा पट्टा, जिथे काठी 36 च्या आत राहते आणि चर नाहीत, तिथले गोटे या उन्हाळ्यात वेचायचे आणि पुढच्या वर्षी माणसाने मागून धरायचं दातेरी पट्टीचं छोटं यंत्र चालवून बघायचं. मधला आणि वरचा भाग विळ्यानेच. दरवर्षी एक पट्टा तुरे झडेपर्यंत राखायचा, म्हणजे बी पडेल. बाकीचा फुलोऱ्यातच कापायचा, कारण तेव्हाच चाऱ्यात कस असतो. उतरणीसाठी तार. तार कुठून कुठे न्यायची ते मामी ठरवणार आहेत.

तुमच्या गावाला कुरण असेल आणि यंत्राचा विचार चालू असेल, तर गवत कापून झाल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, एक मीटरची काठी घेऊन डोंगर चढा. गवत उभं असताना गोटे दिसत नाहीत आणि चरही दिसत नाहीत. जाताना गवत कापणाऱ्या बायकांना बरोबर न्या आणि पहिला प्रश्न त्यांना विचारा.